टाळ्या मागे घेता येत नाहीत

माझ्या मुलीला टाळ्या वाजवता यायला लागल्या, हे तिच्या आजीच्या आधी नगरपालिकेला कळलं.

आजी परगावी असते. तिला फोन करून सांगायचं मी दोन दिवस मनात घोळवत होते, पण दुपट्यांच्या रगाड्यात राहून जात होतं. त्या सकाळी लेकीला वजनासाठी दवाखान्यात न्यायला निघाले आणि मैदानाच्या कुंपणावर तिचेच हात टांगलेले दिसले. फलक केवढा, तर तिच्या करंगळीचं मी कापायचं विसरलेलं नखसुद्धा लांबून दिसावं. हातांच्या मागे अर्धवट माझी हनुवटी. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘शहर हो म्हणालं’. त्याखाली जरा बारीक: ‘नव्या स्टेडियमला नागरिकांची टाळ्यांच्या गजरात मंजुरी.’

मी बाबागाडीचा ब्रेक लावला. मग लावलाय ना, ते पायाने पुन्हा दाबून पाहिलं. ही माझी सवय आहे, नवरा हसतो. गाडीतून मुंगीने फलकाकडे बघितलं, स्वतःचेच हात तिला ओळखू आले नाहीत, पण कुणीतरी टाळ्या वाजवतंय एवढं कळलं. लगेच तिनेही सुरू केलं.

मुंगी हे तिचं नाव नव्हे. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून दवाखान्यातल्या नर्सने ठेवलेलं ते नाव चिकटलं. दवाखाना म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातलं बसकं पिवळं घर. पुढे व्हरांडा, व्हरांड्यात एक लांब बाक, आत वजनकाटा, लसींचा फ्रिज आणि एक डॉक्टरीणबाई, ज्यांना ओरडल्याशिवाय बोलता येत नाही. आमच्या घरापासून एक गल्ली आणि मैदानाची कड, बस. हे अंतर मी एकदा अनवाणी धावले आहे. मुंगीला ताप होता, मांडीवर घेऊन पुसत होते, आणि एकाएकी ती लाकडासारखी ताठ झाली. डोळे वर गेले. मी दार लावलं की नाही तेही मला आठवत नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं, आणि ती सैल पडून रडायला लागेपर्यंत माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग ओरडल्या, “तापातला झटका आहे. पुष्कळ मुलांना येतो, मोठी झाली की जातो. रडताय काय? पुन्हा आला तर अर्धवट उपाय करत बसू नका, थेट इकडे या.”

थेट इकडे. या दोन शब्दांवर माझी झोप उभी आहे. आणि स्टेडियमच्या रंगीत नकाशात त्या पिवळ्या घराच्या जागी गाड्या उभ्या करायची जागा दाखवली होती. दवाखान्याचं काय, याला उत्तर होतं: योग्य वेळी, योग्य जागी.

म्हणूनच तर आम्ही नगरपालिकेच्या त्या सभेला गेलो होतो. टाळ्या वाजवायला नव्हे, विचारायला.

विचारायची सोय होती, हे मला खरंच वाटलं होतं. आमच्याकडे मागच्या कारभाऱ्यांनी एक पोहण्याचा तलाव बांधला. त्यात पाणी कधी आलं नाही, पैसा तेवढा मुरला. लोक खवळले, कारभारी बदलले, आणि नव्यांनी आल्या आल्या ‘विश्वासाची सनद’ काढली. नगरपालिकेच्या जिन्यात ती काचेच्या चौकटीत लावलेली आहे. पहिलंच कलम: लोकांना विचारल्याशिवाय लोकांची जागा घेतली जाणार नाही. हे वाक्य माझ्या नणंदेचं. ती नगरपालिकेत सभासचिव आहे, सभेत जे घडतं ते लिहून ठेवणं तिचं काम. सगळं घर तिला ताई म्हणतं, शेजारीही म्हणतात. ते वाक्य लिहिलं त्या रात्री तिने आम्हाला जेवायला बोलावलं होतं आणि तीनदा वाचून दाखवलं होतं. तिसऱ्यांदा वाचताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. नवरा म्हणाला होता, “ताई, वाक्य चांगलं आहे, पण भात करपतोय.”

तर सभा. सभागृह खचाखच भरलेलं. मुंगीला वारा लागावा म्हणून मी खिडकीशी बसले होते, त्यामुळे मला खालचा रस्ता दिसत होता. नगराध्यक्ष उतरले ते लांबलचक पांढऱ्या गाडीतून, आणि त्याच गाडीच्या दुसऱ्या दारातून उतरले ज्यांचा संघ त्या स्टेडियममध्ये खेळणार ते मालक. दोघं हसत होते. फाटकाशी येऊन ते असे वेगळे झाले, जसे काही एकमेकांना ओळखतच नाहीत. मी नवऱ्याला कोपराने ढोसलं. तो म्हणाला, “एकाच रस्त्याने यायचं असेल.”

व्यासपीठावर नगराध्यक्ष गोड बोलले. एका हाताने टाळी वाजत नाही, नागरिक आणि पालिका हे दोन हात आहेत, वगैरे. मग म्हणाले, विषयाकडे वळण्याआधी एक गोड काम. आणि धावबाईंना वर बोलावलं.

धावबाई आमच्या भागाच्या. त्याच मैदानावर त्यांनी दोन पिढ्यांना पळायला शिकवलं. फुकट. माझा नवरा त्यांच्या शिट्टीवर पळालेला, समोरचा न्हावी पळालेला, आमची औषधवाली पळालेली. आता बाईंचे गुडघे गेलेत, पण शिट्टी गळ्यात आहे. त्यांचा सत्कार कुणी कधी केला नव्हता. हातात फुलांचा गुच्छ घेऊन त्या पायऱ्या चढल्या, एका पायरीवर थांबून गुडघा धरला, आणि सभागृह फुटलं. असल्या टाळ्या मी ऐकल्या नव्हत्या. न्हावी तर रडत होता. मुंगीने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग हात समोर आणले आणि एकावर एक आपटले. पहिल्यांदा. आयुष्यात पहिल्यांदा. मी वेडी झाले, तिचे हात धरून आणखी वाजवले. कुणीतरी समोर वाकून फोटो काढला, मला तेही गोडच वाटलं.

त्या गजरात नगराध्यक्षांचे ओठ हलत होते. मला वाटलं, बाईंचं कौतुक करतायत. शेजारच्या टेबलावर ताई मान खाली घालून लिहीत होती.

मग दिवे मालवून स्टेडियमची फिल्म दाखवली. प्रश्नांना वेळ उरला नाही. घरी येताना नवरा म्हणाला, “पुढच्या सभेत ठरेल बहुतेक.” ठरून गेलं होतं.

फलक पाहिला त्याच संध्याकाळी मी ताईच्या घरी गेले. नवराही आला, मला सांभाळायला की तिला, कोण जाणे. ताई भांडी घासत होती. भांडी घासताना ती कुणाकडे बघत नाही, हे तिचं बरं असतं.

“ताई, आम्ही बाईंसाठी टाळ्या वाजवल्या.”

“तुम्ही कशासाठी वाजवल्या ते तुमच्या मनात. त्या वेळी पटलावर विषय काय होता, ते मी लिहिते.”

“पटलावर बाई होत्या.”

“बाई व्यासपीठावर होत्या. पटलावर स्टेडियमचा विषय होता. साहेबांनी तो वाचला.”

“कुणाला ऐकू आला?”

तिने कढईवर राख फासावी तसा साबण फासला. “टाळ्यांनी मंजुरी ही आमच्याकडची जुनी पद्धत आहे. हात मोजत बसायला वेळ लागतो. मी नोकरीला लागले त्याच्या आधीपासून चालत आलंय.”

“म्हणजे मुंगीचंसुद्धा मत धरलं?”

“मतं धरत नाहीत. गजर धरतात.”

नवरा हसला आणि लगेच खोकला. मी म्हटलं, “बारशाला टाळ्या वाजल्या तर तिथेही काहीतरी मंजूर करून घ्याल मग.”

“तू मला बोलू नकोस. मी ठरवत नाही, मी लिहिते.”

“आणि ती पांढरी गाडी? मालक आणि नगराध्यक्ष एका गाडीतून आले. मी बघितलं.”

“गाडीतून येणं हा गुन्हा नाही.”

“मग फाटकात वेगळे कशाला झाले?”

कढई आधीच स्वच्छ झाली होती, तरी घासत राहिली. मी मुद्दामच म्हटलं, “लोकांना विचारल्याशिवाय लोकांची जागा घेतली जाणार नाही. तीनदा वाचलं होतंत तुम्ही.”

“विचारलं की.” तिचा आवाज खाली गेला. “सभा बोलावली. विषय वाचला. विचारलं नाही असं कुठे म्हणता येईल?” मग हात पुसून पहिल्यांदा माझ्याकडे वळली. “हे बघ, लिहिलेलं चुकलंय असं वाटत असेल तर पुढच्या सभेत ते कायम करतात, तेव्हा उभं राहून सांगायचं. तोवर ते कच्चं असतं. मला घरी येऊन सांगून उपयोग नाही. इथे मी नणंद आहे. तिथे सचिव.”

“आणि भाचीची आत्या कुठे आहे?”

हे मी बोलायला नको होतं. ताईला मूल नाही आणि मुंगी झटक्यातून बाहेर आली त्या दिवशी सगळ्यात जास्त ती रडली होती. तिने मुंगीला उचलून घेतलं, तिच्या डोक्याचा वास घेतला आणि माझ्या हातात परत दिली. “हिला टोपी घाल. बाहेर वारं आहे.”

जिना उतरताना नवरा म्हणाला, “तिला मध्ये घालू नकोस. तिची नोकरी आहे.”

“मी कुठे घालतेय? ती मध्येच बसते. त्यांच्या आणि आपल्या.”

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना खालची बारीक ओळ वाचायला लावतो. मी त्याला तेवढंच म्हटलं, की घरच्यांच्या बाबतीत तू स्वतः फक्त वरचं मोठं अक्षर वाचतोस. त्यावर त्याने बाबागाडी उचलून जिन्यावरून खाली नेली. हा त्याचा शरण येण्याचा प्रकार आहे.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी सगळं सांगितलं. बाकावर नेहमीच्या बायका होत्या. जुळ्यांची आई, जिच्या दोन्ही खांद्यांवर कायम दुधाचे डाग असतात. समोरच्या गल्लीतली शिंपीण, तिचा मुलगा काही केल्या चालत नव्हता. औषधवाली आपल्या नातवाला घेऊन. सांगून होईपर्यंत कुणी हललं नाही. मग शिंपीण म्हणाली, “मी तर दोन्ही हात वर करून वाजवल्या.”

“मी शिट्टी मारली,” जुळ्यांची आई म्हणाली. “तीसुद्धा धरली असेल का?”

धावबाई तेवढ्यात आल्या. गुडघ्याला लावायचा मलम त्या डॉक्टरीणबाईंकडून हक्काने नेतात, मुलांच्या दवाखान्यातून. त्यांना फलकाचं कळलं होतं. बसल्या नाहीत, खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

“माझ्या होत्या त्या टाळ्या,” त्या म्हणाल्या. “जन्मात एकदा वाजल्या. घरी जाऊन मी फुलं पाण्यात ठेवली, नवऱ्याच्या फोटोला सांगितलं की बघा, तुम्ही म्हणायचात फुकटची पळापळ. आणि हे लोक मागून त्या उचलून घेऊन गेले. पाकीट मारतात तशा. माझं मैदान घ्यायला मलाच वर चढवलं, गुडघे दुखत असताना.”

औषधवाली हळूच म्हणाली, “बाई, पुढच्या सभेला आपण वाजवायच्याच नाहीत.”

“कुणीही येऊ दे,” बाई म्हणाल्या. “माझं मढं आणून ठेवलं तरी वाजवायच्या नाहीत.”

“मढ्याला टाळ्या कोण वाजवतं बाई?”

“ते वाजवतील. त्यांचं काही सांगू नका.”

ठरलं. घरोघरी सांगायचं, सभेत हात मांडीवर. अडचण एकच होती, ती माझ्या मांडीवर बसून पंख्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. मुंगीला आता टाळीला कारण लागत नव्हतं. पंखा फिरला, टाळी. कुत्रं भुंकलं, टाळी. जुळ्यांच्या आईने उपाय काढला, पायमोजे हातात घाल. मोज्यांचा आवाज होत नाही.

पुढच्या सभेला मी खिडकीशी बसले नाही, मध्ये बसले, उभी राहिले तर दिसेन अशी. मुंगीच्या हातांत निळे पायमोजे. आजूबाजूला निम्म्या पोरांच्या हातांत मोजे होते. एखाद्या नवख्याला वाटलं असतं, शहरात हातांची साथ आलीये.

नगराध्यक्ष हुशार माणूस. त्यांनी या वेळी सत्काराला एक मुलगी आणली. परगावच्या शर्यतीत पहिली आलेली, धावबाईंचीच विद्यार्थिनी. कानाच्या पाळ्या लाजेने लाल झालेल्या. तिचं नाव पुकारलं. ती वर आली. आणि कुणीही टाळी वाजवली नाही.

ती शांतता मी विसरणार नाही. मुलगी हसत वर आली होती, ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि तिला कळेना त्याचं काय करायचं. तिने खाली धावबाईंना शोधलं. बाईंनी दोन्ही तळवे स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले होते आणि डोळे मिटले होते. मला संताप आला तो तिथे. स्टेडियमचा नव्हे, तो आधीच होता. या लोकांनी आम्हाला अशा ठिकाणी आणून उभं केलं, की आपल्या पोरीचं कौतुक केलं तर आपलं मैदान जातं, आणि नाही केलं तर आपली पोर तिथे उभी राहून रडकुंडीला येते. आमचं प्रेमसुद्धा आम्हाला मोजून मापून, लपवून करायला लावलं.

नगराध्यक्षांनी मुलीला खुर्ची दिली. त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. माईक जवळ ओढला आणि म्हणाले, “मागच्या सभेचं इतिवृत्त वाचल्याचं समजण्यात येतं. कुणाची हरकत?” एक श्वाससुद्धा थांबले नाहीत. “सभागृह शांत आहे. शांतता म्हणजे संमती. इतिवृत्त कायम. पुढचा विषय...”

मी उभी राहिले. मुंगीला घट्ट धरलं, तशी ती कुरकुरली.

“माझी हरकत आहे.”

“बाई, विषय झाला.”

“मागच्या वेळी आम्ही टाळ्या वाजवल्या, तुम्ही म्हणालात होकार. आज गप्प बसलो, तर म्हणता होकार. मग नाही कसं म्हणायचं, ते तरी एकदा शिकवा. आम्ही सराव करून येऊ.”

मागून कुणीतरी हसलं. नगराध्यक्षही हसले, मोठ्या भावासारखे. “टाळ्या मागे घेता येत नाहीत बाई. सुटलेला बाण आणि वाजलेली टाळी.”

नगरसेवकांच्या रांगेत हशा पिकला. ताई हसली नाही. तिचं पेन कागदावर होतं, पण चालत नव्हतं.

“त्या टाळ्या तुमच्या नव्हत्या,” मी म्हटलं. “त्या धावबाईंच्या होत्या. तुम्ही त्यांच्याआड विषय वाचलात. या सभागृहात तो कुणी ऐकला असेल तर त्याने सांगावं. आणि दवाखाना कुठे जाणार ते सांगा. एवढंच विचारायला आम्ही मागच्या वेळीही आलो होतो.”

“योग्य वेळी, योग्य जागी...”

“ताप योग्य वेळी येत नाही.”

आता ते हसले नाहीत. “लहान मूल घेऊन उभ्या राहू नका. बसा.”

मी बसले नाही. शेजारी खुर्ची सरकली. जुळ्यांची आई उभी राहिली, दोन्हीकडे एकेक पोर. मग शिंपीण. मग न्हावी, मग औषधवाली. मग माझा नवरा उभा राहिला, ताईकडे न बघता. खुर्च्या सरकायचा आवाज मागेपर्यंत जात राहिला. शेवटी धावबाई गुडघा धरून उठल्या आणि तिथूनच त्यांच्या मैदानावरच्या आवाजात विचारलं, “आणि ती पांढरी गाडी कुणाची होती?”

संघाचे मालक पहिल्या रांगेत होते. त्यांनी घड्याळ पाहिलं.

आणि नेमकं त्याच क्षणी मुंगीने दातांनी एक मोजा ओढून काढला. तिला नवीन दोन दात आले आहेत. दुसरा मोजा तिने झटकला. मोकळे हात समोर धरून पाहिले आणि त्या शांततेत टाळी वाजवली. मग दुसरी.

नगराध्यक्षांचा चेहरा उजळला. “बघा. बाळाला कळतं.” मग सगळ्या उभ्या सभागृहावरून नजर फिरवून ते शांतपणे म्हणाले, “सचिव, लिहून घ्या. नागरिकांनी उभं राहून प्रस्तावाचं स्वागत केलं.”

मला वाटलं, मी ओरडेन. तोंड उघडलंही असेल. पण आवाज आला तो व्यासपीठावरून.

“साहेब, हे मला लिहिता येणार नाही.”

ताई उभी नव्हती. बसूनच बोलली होती, भांडी घासताना बोलते त्याच स्वरात, मान खाली घालून.

“काय म्हणालात?”

“कुणी स्वागत केलेलं नाही. मागच्या वेळीही केलं नव्हतं. मी तुमच्या शेजारी बसते म्हणून मला विषय ऐकू आला. सभागृहाला आला नव्हता. ते तेव्हा मला दिसत होतं. मी गजर लिहिला, कारण पद्धत आहे. आता सगळे उभे आहेत आणि नाही म्हणतायत. नाहीला आमच्याकडे पद्धत नसेल, पण मला मराठी येतं. मी ‘नाही’ लिहीन. नाहीतर काहीच लिहिणार नाही.”

आणि तिने पेनाला टोपण लावलं. तेवढा आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू गेला.

“दुसरं कुणीतरी लिहा,” नगराध्यक्ष म्हणाले. ताईच्या मदतनीसाने खिसे चाचपले. या खिशात, त्या खिशात. मग म्हणाला, “साहेब, पेन नाहीये.” त्याच्या वरच्या खिशात दोन पेनं दिसत होती. पुढच्या रांगेतल्या नगरसेविका छताकडे बघू लागल्या. आमच्याकडे असं आहे, की जे कुणी लिहिलं नाही ते घडलेलं नसतं. इतकी वर्षं ही पद्धत त्यांच्या कामी आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यावर उलटली.

सभा तहकूब झाली. म्हणजे विषय मेला नाही, झोपवला. हे मला कुणी सांगायची गरज नाही, झोपलेलं पोर कसं दचकून उठतं ते मला माहीत आहे.

लोक बाहेर पडत होते तेव्हा धावबाई व्यासपीठाकडे गेल्या, त्या पळणाऱ्या मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिल्या. मुलगी रडत होती आणि मान हलवत होती. त्यांचं ते तसंच राहू द्यावं म्हणून मी नजर वळवली, तर ताई समोर.

“हिचे मोजे कुठे आहेत?” तिने विचारलं.

“पडले कुठेतरी.”

“गार लागतील हात.” तिने मुंगीचे दोन्ही हात आपल्या मुठीत घेतले. तिचेच हात गार होते. नवरा काही बोलायला गेला तर म्हणाली, “तू काही बोलू नकोस, नाहीतर मी इथेच रडेन. घरी भात लावा.”

आठवड्याच्या आत ताईची बदली झाली. मोकाट कुत्र्यांच्या विभागात. कारण दिलं, अनुभवी माणसाची तिथे गरज आहे. ती म्हणते, बरं आहे, कुत्रं भुंकलं तर भुंकलं असंच लिहितात. पण जिन्यातल्या त्या काचेच्या चौकटीजवळून जाताना ती आता दुसऱ्या बाजूने चढते, असं मदतनीसाने मला सांगितलं. त्याने मला हेही सांगितलं, की सभेला नवा सचिव आलाय आणि त्याच्याकडे भरपूर पेनं आहेत.

फलक अजून कुंपणावर आहे. मी काढायला सांगितलं तर म्हणाले, लावायची परवानगी असते, काढायची कुणी घ्यायची ते ठरलेलं नाही. नवरा म्हणाला, शिडी आणतो. मी नको म्हटलं, शिडीवरून पडशील. मग आम्ही दोघांनी एका संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर, माझ्या चार ओढण्या एकमेकींना बांधून काठीने फलकावरच्या मुंगीच्या हातांवर टाकल्या. सकाळी त्या काढलेल्या होत्या. नीट घडी घालून दवाखान्याच्या बाकावर ठेवलेल्या. कुणी, ते कळलं नाही, आणि मला तेच जास्त टोचलं: या शहरात अजून इतकी नीट घडी घालणारी माणसं आहेत, आणि कारभार कुणाच्या हातात आहे.

काल वजनाचा दिवस होता. डॉक्टरीणबाईंनी मुंगीला काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला आणि ओरडल्या, “आता हिचं नाव बदला. मुंगी कसली, हत्तीण झालीये.” बाकावरच्या सगळ्या हसल्या. मुंगीने काट्यावर बसल्या बसल्या टाळी वाजवली, आणि जुळ्यांच्या आईने कौतुकाने दोन हात वर नेले.

तिथेच थांबवले. आम्ही सगळ्यांनी एकदम मागे वळून व्हरांड्याच्या दाराकडे पाहिलं, कुणी लिहून तर घेत नाही ना.